लेकरांची जीभ आणि मेथीचे धपाटे

भेंडीसारख्या निरुपद्रवी भाजीने ज्या शहराचे नाव देशाच्या कानाकोपऱ्यांत पोहोचवले, त्याच शहरातील लेकरांनी ताटातल्या भेंडीकडे पाहून नाक मुरडावे, ही जालन्याच्या वाट्याला आलेली एक किरकोळ पण गमतीची विसंगती आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणाच्या बियाण्यापासून आपल्या उद्योगाचा श्रीगणेशा केला, 1964 साली जालन्यातच महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हा सगळा मजकूर येथील शाळकरी मुलांना तोंडपाठ असू शकतो. परंतु डब्यातील भाजी जशीच्या तशी परत आणण्याच्या त्यांच्या निश्चयावर त्या अभिमानाचा तिळमात्र परिणाम होत नाही. दोष भेंडीचा नाही, आणि लेकराचाही फारसा नाही. मुलांच्या जिभेविषयी ज्या समजुती घरोघरी पिढीजात चालत आल्या आहेत, त्यांची रुजुवात केली असता त्यांतील पुष्कळशा टिकत नाहीत, आणि त्या एकदा बाजूला सारल्या म्हणजे संध्याकाळच्या खाऊचा प्रश्न आपण समजतो तितका बिकट राहत नाही.

या समजुतींतील सर्वांत बळकट समजूत अशी की, मुलाने एखादी भाजी एकदा थुंकून टाकली म्हणजे ती त्याला आवडत नाही असा कायमचा फैसला झाला. वस्तुस्थिती अशी आहे की, साधारणतः दोन ते सहा वर्षे वयाच्या बालकास प्रत्येक अपरिचित अन्नाविषयी स्वाभाविक संशय असतो. त्यातही कडवट चवीविषयी तो अधिक असतो, कारण निसर्गात विषारी वनस्पती पुष्कळदा कडू असतात आणि नुकते चालू-फिरू लागलेले मूल दिसेल ते तोंडात घालील, तर त्याचा बचाव या संशयानेच व्हावयाचा. बालकांच्या आहारासंबंधी झालेल्या अभ्यासांत असे दिसून आले आहे की, एखादी नवी चव मुलाच्या अंगवळणी पडण्यास ती 8 ते 15 वेळा त्याच्यासमोर यावी लागते; आणि आपण मात्र दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच ‘आमच्या लेकराला नाही चालत’ असे जाहीर करून ते प्रकरण दफ्तरी दाखल करून टाकतो.

आमच्या घरातील पाच वर्षांचा नातू सुशील्यातील मटाराचे दाणे एकेक वेचून ताटाच्या काठावर अशा शिस्तीने मांडीत असे की, जणू सरहद्दीवर चौक्याच बसवीत आहे. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा हा आपला मराठवाडी पदार्थ त्याला मनापासून आवडे. तक्रार होती ती फक्त मटारांविषयी. त्याच्या आजीने ना मटार घालणे थांबवले, ना त्या चौक्यांविषयी एक अक्षर काढले. दहाव्या-बाराव्या खेपेस चौक्यांची संख्या तीनने कमी भरली, ती आम्ही उभयतांनी मनातल्या मनात मोजली, आणि मोजल्याचे चेहऱ्यावर दिसू दिले नाही.

या संदर्भात अमेरिकेत झालेला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत किंवा बाळ अंगावर पीत असताना ज्या मातांनी गाजराचा रस नियमाने घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज फारशी तोंडे वेडीवाकडी न करता खाल्ली, असे 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले. म्हणजे चवीची ओळख पाटावर बसण्याच्याही आधी सुरू होते. आणि घरातील वडील मंडळी स्वतः कारले पानातून बाजूला सारीत असतील, तर लेकराला उपदेश करण्याचा त्यांचा अधिकार कितपत शाबूत राहतो, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

दुसरी समजूत लपवाछपवीची. भाजी वाटून, गाळून, पिठात अशी बेमालूम मिसळावी की मुलास तिचा पत्ताही लागू नये, यात मोठे चातुर्य आहे असे अनेकांना वाटते. पोटात भाजी जाते, एवढा या युक्तीचा गुण कबूल केलाच पाहिजे. आजारातून उठलेल्या मुलासाठी ती तूर्त उपयोगीही पडते. परंतु ज्या पालकाला मुलाने कधी पाहिलेच नाही, त्याच्याशी त्याचा परिचय व्हावा कसा? शिवाय एखाद्या दिवशी हिरवा धागा दाताखाली सापडून सारे बिंग फुटले, म्हणजे पुढे आईच्या हातचा साधा शिराही संशयाने उकरून पाहिला जातो. माझ्या मते या बाबतीत आपल्याकडील धपाट्याइतका प्रामाणिक पदार्थ दुसरा नाही. त्यात मेथी दिसते, पण एकटी पडत नाही.

धपाटे कोणत्या घरात होत नाहीत? तरीही लेकरांसाठी ते करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. दोन वाट्या ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी कणीक आणि पाव वाटी बेसन घ्यावे. त्यात दीड वाटी बारीक चिरलेली मेथी, तीळ, ओवा, हळद, मीठ आणि लसूण-जिऱ्याचे वाटण घालावे, मिरची मात्र मोठ्यांच्या हिशेबाने घालू नये. मीठ लावताच मेथीला पाणी सुटते, सबब पाच मिनिटे थांबून मग बेताने ताक घालीत पीठ भिजवावे. घाईने आधीच पाणी ओतले तर पीठ सैल होते, आणि मग त्यात आणखी पीठ घालता घालता मेथी नावापुरतीच उरते. ओल्या फडक्यावर तळहाताएवढेच धपाटे थापावे, मधोमध बोटाने भोक पाडून त्यात थेंबभर तेल सोडावे आणि मध्यम आचेवर दोन्ही बाजू खरपूस भाजाव्यात. हे लहान आकाराचे पथ्य क्षुल्लक वाटते, पण ताटभर पसरलेले धपाटे पाहून जे मूल धास्तावते, तेच आपल्या हाताच्या मापाचे दोन सहज संपवते. मेथीच्या जागी दुधीचा कीस, कोवळी करडई, शेवग्याचा पाला किंवा किसलेले गाजर घालता येते. सोबत घट्ट दही असले म्हणजे मेथीचा कडवटपणा पुष्कळ मवाळ होतो.

दुधीचा विषय निघाला आहे, तर लेकराच्या एका तक्रारीची दखल मात्र अवश्य घ्यावी. दुधी कडू लागतो असे ते म्हणाले, तर ते नखरे करीत आहे असे समजण्यापूर्वी आपण स्वतः चाखून पाहावे. क्वचित एखादा दुधी खरोखरच कडू निघतो. त्यातील कुकुरबिटासिन नावाची द्रव्ये विषारी असतात, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू दुधीचा रस मुळीच न पिण्याचा इशारा दिलेला आहे. चिरतानाच एक चकती जिभेला लावून पाहावी, आणि कडू लागली तर ती लगेच थुंकून सबंध दुधी फेकून द्यावा. शिजवून किंवा मसाला वाढवून हा दोष जात नाही.

रंगावरून गुण ठरवण्याची आपली खोड तर जुनीच. बीट लाल, रक्त लाल, तस्मात बीट खाल्ल्याने रक्त वाढते, हे तर्कशास्त्र ऐकावयास गोड आहे. परंतु बिटाचा रंग बीटालेन नावाच्या रंगद्रव्यांचा असून 100 ग्रॅम बिटात लोह जेमतेम पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास असते. हेच रंगद्रव्य काही मुलांच्या लघवीत उतरते. आमच्या शेजारी एका लेकराने बिटाच्या टिकिया आवडीने खाल्ल्या, आणि दुसऱ्या सकाळी मोरीतील तांबूस रंग पाहून सबंध घर दवाखान्याकडे धावले. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच्या खाण्याची चौकशी केली आणि हसून घरी पाठवले. पालकात 100 ग्रॅमला सुमारे 3 मिलिग्रॅम लोह असते खरे, पण शरीर त्यातील थोडाच भाग शोषून घेते. कोरड्या धान्याची आणि ओल्या पाल्याची तुलना काटेकोर न्यायाची नाही हे मान्य करूनही सांगावेसे वाटते की, ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 4 मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे धपाट्यात पाल्याइतकेच पीठही कामाला येते. वनस्पतींतील हे लोह अंगी लागण्यास क जीवनसत्त्वाची मदत होते, आणि ते तर आपल्या जिल्ह्याच्या मोसंबीच्या बागांत झाडाला लटकलेले आहे. धपाट्याबरोबर मोसंबीच्या चार फोडी ठेवल्या की काम झाले. गाजराने चष्मा जातो, हीदेखील अशीच समजूत. अ जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा रातांधळेपणा गाजर, लाल भोपळा, पालेभाज्या यांनी टळू शकतो. चष्म्याचा नंबर हा डोळ्याच्या घडणीचा प्रश्न आहे, त्यास गाजर काय करणार? मात्र गाजरातील कॅरोटीन अंगी लागण्यास थोडा स्नेह लागतो, म्हणून आजी जी तुपाची धार धरते ती केवळ लाडाची नव्हे.

‘भाजी संपव, मग चॉकलेट देतो’ हा तह तर बहुतेक घरांत झालेला असतो. त्यातून मूल एवढेच शिकते की, चॉकलेट हे इनाम आणि भाजी हा सारा. भाजीची गोडी त्याने वाढत नाही, उलट कमीच होते, असे अशा प्रयोगांत आढळले आहे. सक्तीचेही तेच.

तळल्यावाचून मुले खात नाहीत, हे मात्र अर्धेच खरे आहे. मुलांना कुरकुरीतपणा हवा असतो, आणि तो तव्यावरही मिळतो. मेथीचे मुटके किंवा कोथिंबिरीच्या वड्या आधी वाफवून, मग तीळ-मोहरीच्या फोडणीत चमचाभर तेलावर परतल्या, तर कढईची आठवण कोणास होत नाही. लाल भोपळ्याचे घारगे तळावेच लागतात. ते सणासुदीला तळावे आणि निश्चिंत मनाने खावे.

कच्चे ते सगळेच उत्तम, असे मानणाऱ्यांना एक ताकीद देणे मात्र आवश्यक आहे. चार वर्षांखालील बालकास कच्च्या गाजराच्या कडक चकत्या किंवा अख्खे शेंगदाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकून जीव गुदमरण्याचा धोका असतो. गाजर किसून किंवा मऊ वाफवून द्यावे, दाण्यांचा कूट करावा, आणि खाताना मुलास धावू देऊ नये.

राहता राहिली खाऊने जेवण बुडते ही भीती. लहान मुलाचे पोटच लहान, त्याला दोन जेवणांच्या मध्ये काही लागतेच. जेवणाआधी दीड-दोन तासांचे अंतर राखले म्हणजे झाले. त्या वेळी हाताशी धपाटे नसले, तर दुकानातील रंगीत पुडी असतेच.

थंडी पडली की बाजारात मेथीच्या जुड्यांचे ढीग लागतात. एक जुडी आणावी, वर्तमानपत्रावर पसरावी आणि लेकरालाच निवडायला बसवावे. चार काड्या पिठात गेल्या तरी चालतील.