सलाइनने सावरलेला कुत्रा पुन्हा आजारी पडतो, तेव्हा...

उलट्या, जुलाब, मंदावलेली भूक आणि अशक्तपणा ही लक्षणे दिसताच कुत्र्यावर बहुधा पोटाच्या विकाराचे उपचार केले जातात. सलाइन दिल्यावर तो सावरतो. मात्र काही आठवड्यांनी तोच त्रास उद्भवतो. अशा वेळी ‘ॲडिसन’ या आजाराची तपासणी आवश्यक ठरते.

मूत्रपिंडांजवळील दोन अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके तयार करतात. या आजारात बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारयंत्रणाच या ग्रंथींचा बाह्य थर नष्ट करते. कॉर्टिसॉलअभावी ताण सोसत नाही. अल्डोस्टेरॉनअभावी रक्तातील सोडियम घटते आणि पोटॅशियम वाढते. वाढलेल्या पोटॅशियममुळे हृदयाचे ठोके मंदावून प्राणावर बेतू शकते. शरीरातील पाणी कमी झाल्यास नाडी एरवी जलद चालते. ती संथ असणे हा धोक्याचा इशारा असतो. सलाइनमधील पाणी व सोडियममुळे तात्पुरता उतार पडतो आणि मूळ आजार झाकला जातो.

निदानासाठी ‘एसीटीएच’ हे संप्रेरक टोचण्यापूर्वी आणि त्यानंतर तासाभराने कॉर्टिसॉल मोजले जाते. दोन्ही वेळा ते अत्यल्प आढळल्यास आजाराची खात्री होते.

प्रेडनिसोलोन व फ्लुड्रोकॉर्टिसोन ही औषधे आयुष्यभर द्यावी लागतात; ती नियमित दिल्यास कुत्रा सर्वसामान्य आयुष्य जगू शकतो. प्रवास, शस्त्रक्रिया किंवा दिवाळीतील फटाक्यांसारख्या तणावाच्या काळात पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रेडनिसोलोनची मात्रा वाढवावी लागते. औषध परस्पर बंद करणे मात्र जीवघेणे ठरू शकते.