पुसट झालेल्या स्पंदांचे वाचन

इ. स. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेल्या तारेतून व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेस पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले. विजेचा प्रत्येक स्पंद वाटेत पसरट होई व त्याचे शेपूट पुढच्या स्पंदावर चढे. व्हाइटहाउस यांनी विद्युत्‌दाब वाढवून पाहिला. काही आठवड्यांतच तार निकामी झाली. धाडणाऱ्याने जोर लावून हा दोष जात नाही.

तारेत उच्च कंप्रतेचे घटक अधिक क्षीण होतात, आणि स्पंदाची तीक्ष्ण कड नेमकी त्यांचीच बनलेली असते. सेकंदाला अब्जावधी अंक वाहणाऱ्या संगणकातील वीतभर जोडणीतही आज हेच घडते.

तेव्हा उपाय ग्रहण करणाऱ्या टोकाशी करता येतो. तेथे बसविलेला समकारक क्षीण घटकांना उचलून धरतो. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट लकी यांनी १९६५ मध्ये टेलिफोनच्या तारांसाठी मांडलेला समकारक तर आधी चाचणीचे स्पंद घेऊन तारेचा दोष अजमावी व स्वतःस आपोआप जुळवून घेई. मात्र क्षीण घटकांबरोबर खरखरही वाढते, ही मोठीच अडचण होय.

यावर एक चतुर युक्ती आहे. नुकताच ओळखलेला अंक आपणांस ठाऊक असतो. मग त्याचे शेपूट किती, हेही ठरविता येते. तेवढेच पुढच्या स्पंदातून वजा करावयाचे. खरखर वाढत नाही. परंतु एक अंक चुकीचा ओळखला गेला की वजाबाकीही चुकते, आणि पुढील अंक धोक्यात येतो. अशा चुका एकेकट्या न येता पुंजक्याने येतात. चुका दुरुस्त करणारे संकेत रचताना हे आधीच हिशेबात धरावे लागते.