डॉक्सीसायक्लिनची गोळी : पाणी, दूध आणि ऊन

छातीचा संसर्ग, कातडीचे काही विकार, गोचिडीच्या चाव्याने येणारे काही ताप अशा दुखण्यांवर डॉक्टर पुष्कळदा डॉक्सीसायक्लिन लिहून देतात. हे टेट्रासायक्लिन गटातील अँटिबायोटिक होय. औषध जुने आणि गुणकारी आहे, पण ते घेण्याची एक रीत आहे. खोक्यातील कागद हिब्रूत, अक्षरे बारीक. आपली वडीलधारी मंडळी तो घडी न मोडताच बाजूला ठेवतात. म्हणून त्यातील मुख्य गोष्टी आम्ही येथे मराठीत देत आहोत.

पहिली गोष्ट पाण्याची. ही गोळी अन्ननलिकेत अडकून विरघळली, तर तेथील नाजूक अस्तर भाजल्यासारखे होऊन जखम होते. मग घास गिळतानाही छातीत कळ येते. यासाठी गोळी बसून किंवा उभ्याने, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. एका घोटावर भागवू नये. त्यानंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नये. झोपताना उशाशी ठेवून घ्यायची ही गोळी नव्हे; रात्रीची असल्यास जेवणाबरोबर घ्यावी.

दुसरी गोष्ट दुधाची. दुधातील कॅल्शियम या गटातील औषधाला धरून ठेवते आणि ते रक्तात कमी उतरते. जुन्या टेट्रासायक्लिनच्या बाबतीत हे फार होते. ते उपाशीपोटी, जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यावे लागते. डॉक्सीसायक्लिनवर परिणाम कमी होतो आणि पोट बिघडत असेल तर ते जेवणाबरोबर चालते. तरी दुधाचा चहा, दही, लेबेन गोळीबरोबर नको. गोळीला साधे पाणीच बरे. आपल्या वयात खरी अडचण करतात त्या कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, झिंक यांच्या गोळ्या आणि आम्लपित्तावरची काही औषधे. यांच्यात दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. लोहाच्या गोळीचे वेळापत्रक औषधविक्रेत्याकडून ठरवून घ्यावे. कुमादिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण रक्त अधिक पातळ होऊ शकते.

तिसरी गोष्ट उन्हाची. या औषधाने कातडी उन्हाला हळवी होते. येथील उन्हाळ्यात थोड्या वेळातही कातडी भाजून निघते. टोपी, लांब बाह्यांचे कपडे आणि सनस्क्रीन वापरावे. दुपारी बाहेर जाणे टाळावे.

उपासाच्या दिवसाविषयी पुष्कळजण विचारतात. योम किप्पूरला पाणी वर्ज्य म्हणून गोळी कोरडी गिळणे धोक्याचे आहे. उपासाच्या काही दिवस आधीच डॉक्टरांना विचारावे. ही गोळी बहुधा दिवसातून एकदा किंवा दोनदा असते, त्यामुळे वेळ बदलता येते का ते डॉक्टर सांगतील. उपास धरावा की नाही हे आजाराच्या गांभीर्यावर ठरते. पिकुआख नेफेश हा आपल्याच धर्माचा नियम आहे. शंका असल्यास रब्बींनाही विचारावे.

गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना हे औषध सहसा देत नाहीत, कारण वाढत्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. म्हणून आजीच्या डब्यातील उरलेली गोळी नातवाला कधीही देऊ नये. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत. उरल्याच तर पुढच्या आजारासाठी साठवू नयेत, भारतात कोणासाठी पाठवूही नयेत. बेत मिरकाखतमध्ये परत द्याव्यात. मुदत संपलेल्या टेट्रासायक्लिनने मूत्रपिंडांना इजा झाल्याची नोंद वैद्यकशास्त्रात आहे.

गिळताना दुखणे, अंगावर पुरळ, नजर धूसर होऊन जोराची डोकेदुखी किंवा रक्ताचे जुलाब यांपैकी काही झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. श्वास लागला किंवा ओठ, तोंड सुजले, तर १०१ ला फोन करावा. हिब्रू बोलायला जड जात असेल, तर मुलाला किंवा सुनेला बरोबर न्यावे आणि आपण घेतो ती सर्व औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावीत.