पाहुणे निघाले परतीला!

मैत्रिणींनो, होळी झाली की आपल्याला वेध लागतात ते वाळवणांचे. पण गच्चीवर चादरी पसरण्याआधी एक सकाळ स्वतःसाठी राखून ठेवाल? नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला जाऊन या.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ शंभरावर वर्षांपूर्वी इथे बंधारा बांधला. नद्यांचा गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पाखरांना आयती पंगतच मिळाली! 1986 साली हे अभयारण्य झालं. 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ म्हणून त्याची नोंद झाली.

थंडीत उत्तरेकडून आलेले पक्षी मार्च-एप्रिलमध्ये परत फिरतात. पाहण्याची खरी मजा तेव्हाच. पाणी ओसरलेलं असतं, त्यामुळे पाखरं थोड्या जागेत गोळा होतात. शिवाय काहींनी विणीचा नवा पोशाख चढवलेला असतो. हिवाळाभर राखाडी दिसणारा काळ्या शेपटीचा पाणटिवळा आता मानेपासून छातीपर्यंत विटकरी होऊ लागतो.

“पण दुर्मिळ पक्षी मला कसा ओळखू येणार?” अहो, तांदूळ निवडताना खडा कसा दिसतो? तांदूळ ओळखीचा असतो म्हणून! तसंच इथे. आधी नेहमीची मंडळी ओळखून घ्या. कपाळावर पांढरा टिळा लावलेला काळा वारकरी, उलथन्यासारख्या चोचीचा थापट्या, केशरी-तांबूस चक्रवाक, लांब गुलाबी पायांचा शेकाट्या. मग त्या थव्यात एखादा वेगळा असला, तर नजर आपोआप अडखळते. डोक्यावर दोन काळे पट्टे दिसले, तर तो पट्टकादंब. हा हिमालय ओलांडून तिबेट-लडाखकडे जातो!

एक मात्र लक्षात ठेवा. माहेरपण संपवून निघालेल्या लेकीला आपण शिदोरी देतो ना? या पाखरांची शिदोरी म्हणजे अंगावर साठवलेली चरबी. त्यासाठी ती दिवसभर खात असतात. एकदा आमच्याबरोबरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि अख्खा थवा उडाला. सगळ्यांना गंमत वाटली. मला नंतर कळलं, असं प्रत्येक उड्डाण त्या शिदोरीतूनच खर्ची पडतं. तेव्हापासून मुलांना घरूनच बजावून नेते.

जाताना एवढं करा:

● उजाडताच पोहोचा. सूर्य पाठीशी ठेवून उभ्या राहा, म्हणजे रंग नीट दिसतात.

● भडक साडी नको. मातकट किंवा हिरवट रंग बरा. पायांत कॅनव्हासचे बूट घाला.

● 8 × 40 ची दुर्बीण पुरे. चापडगावजवळ मनोरे आहेत, तिथून पाहा.

● दशम्या, चटणी न्या. पण पाखरांना काही घालू नका आणि कागद-पिशव्या घरी परत आणा.

● हिशेबाच्या वहीसारखी एक वही ठेवा. तारीख, वेळ, पक्षी, संख्या.

दोन-तीन वर्षांनी ती वही उघडा. कोणता पाहुणा कधी निघाला आणि कोण आलाच नाही, हे तुमच्याच अक्षरात लिहिलेलं सापडेल. मग पुढच्या कार्तिकात त्यांची वाट पाहणारं एक माणूस वाढलेलं असेल!