पोशाख उलटा करून बघा

कॉस्प्लेच्या, म्हणजे आवडत्या पात्राचा वेष करून यायच्या छंदाच्या, मोठ्या स्पर्धेत मंचावर जायच्या आधी एक खोली लागते. तिथे संगीत नसतं, टाळ्याही नसतात. एक टेबल, दोन-तीन परीक्षक आणि समोर घामाघूम झालेला एखादा चिलखतधारी, एवढंच. परीक्षक त्याच्या चेहऱ्याकडे फारसं बघतही नाहीत. जाकिटाची कड उलटी करतात, आतल्या शिवणीवरून बोट फिरवतात, धागे सुटलेत की ओव्हरलॉक केलंय ते पाहतात, खांद्याचा पट्टा आतून कशाला अडकवलाय ते विचारतात. मग खरा प्रश्न येतो: यातलं तुम्ही स्वतः काय केलंत? बूट जुनेच आहेत, विग विकत आणला पण कापला आणि बसवला मी, तलवार सगळी माझी, असा एकेक हिशेब द्यावा लागतो. कामाच्या टप्प्याटप्प्यांचे फोटोही बरोबर ठेवावे लागतात.

बाहेरून बघणाऱ्याला हा मोठ्या मुलांचा फॅन्सी ड्रेस वाटतो. आपलं तसं वाटणं साहजिक आहे. गॅदरिंगसाठी ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेला अंगरखा, आईने रात्री जागून पुठ्ठ्याला सोनेरी कागद चिकटवून केलेला मुकुट आणि मंचावर पाऊल टाकताच विसरलेली दोन वाक्यं, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या गाठीशी आहे. पण तिथे बक्षीस पोराला मिळायचं आणि मुकुट आईचा असायचा. कॉस्प्लेवाल्यांना नेमकं हेच खटकतं. घालणारा आणि करणारा एकच हवा, निदान कुणी केलं ते तरी सांगा, असा त्यांचा आग्रह असतो.

गंमत अशी की या छंदाच्या इतिहासाची पहिली नोंदच या बाबतीत कच्ची निघाली. २ जुलै १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. जमलेले लोक असतील दोनेकशे. त्यात लॉस एंजेलिसहून आलेला फॉरेस्ट अ‍ॅकरमन हा बावीस वर्षांचा तरुण हिरवा झगा आणि ढगळ विजार घालून अवतरला. भविष्यातला माणूस म्हणे असाच दिसेल. पोशाखाचा नमुना १९३६ च्या ‘थिंग्ज टू कम’ या चित्रपटातून आणि फ्रँक पॉल या चित्रकाराने मासिकांसाठी काढलेल्या चित्रांतून उचललेला होता. त्याच वर्षी त्याच शहरात जागतिक प्रदर्शन चालू होतं आणि त्याची कल्पनाही ‘उद्याचं जग’ अशीच होती. अ‍ॅकरमन त्या वेषात तिथेही फिरून आला. पुढे कित्येक दशकं तो ‘पहिला कॉस्प्लेअर’ म्हणून मिरवला.

पण त्या दिवशी तसा वेष केलेली एक बाईही त्याच्याबरोबर होती. मर्टल डग्लस तिचं नाव. चाहत्यांच्या वर्तुळात ती ‘मोरोजो’ म्हणून ओळखली जायची, कारण ती एस्पेरांतो या बनवलेल्या भाषेची अभ्यासक होती आणि आपल्या नावाची आद्याक्षरं ती त्या भाषेत उच्चारायची. दोन्ही पोशाख तिनेच बेतले आणि शिवलेही तिनेच. म्हणजे संमेलनात घालून जायचा पहिला पोशाख करणारे हात तिचे होते, आणि नाव मात्र झगा घालून मिरवणाऱ्याचं झालं. आता कुठे या विषयावर लिहिणारे तिचं नाव आधी घेऊ लागले आहेत. परीक्षकांचा तो प्रश्न १९३९ सालीच कुणी विचारला असता तर बरं झालं असतं.

पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेषभूषेची स्पर्धा झाली आणि प्रथा पडली. प्रथा पडली की नियम येतात, आणि प्रत्येक नियमामागे कुणाचा तरी प्रताप असतो. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या संमेलनात स्कॉट शॉ हा व्यंगचित्रकार स्वतःच्याच एका ओंगळ पात्राच्या रूपात आला, सर्वांगाला पीनट बटर फासून. मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने ते बटर काय वास मारू लागलं असेल आणि शेजाऱ्यांच्या कपड्यांना किती लागलं असेल, याची कल्पना केलेली बरी. तेव्हापासून ‘पीनट बटर चालणार नाही’ हा नियम तिकडच्या स्पर्धांमध्ये निम्म्या थट्टेने आणि निम्म्या गांभीर्याने सांगितला जातो.

‘कॉस्प्ले’ हा शब्द १९८३ साली नोबुयुकी ताकाहाशी या जपानी लेखकाने एका मासिकात रूढ केला. छंद अमेरिकेत वाढला, बारसं जपानात झालं. पुढचं सगळं या दोन देशांच्या देवाणघेवाणीतून आलं, आणि त्यात सगळ्यात मोठी भर पडली ती सामानाची.

हे सामान म्हणजे मुख्यतः फोम. लोखंडी दिसणारं चिलखत, दगडी दिसणारा हातोडा, हाडाची शिंगं, यातलं बरंचसं इव्हीए फोमचं असतं. आपल्या पायातल्या चपलेचा तळ, योगासनाची चटई, लहान मुलांच्या खोलीत अंथरायच्या रंगीत कोड्याच्या फरशा, हे सगळं त्याच कुळातलं. चपला बनवणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात त्याच्या शीट मिळतात. दोन मिलिमीटर जाडीची नक्षीसाठी, पाचची हातापायांसाठी, दहाची छातीसाठी.

पण सपाट शीटला छातीचा उभार कसा यायचा? इथे पहिली युक्ती. आधी स्वतःच्या अंगाभोवती जेवण झाकायचं प्लास्टिक गुंडाळायचं, त्यावर जाड चिकटपट्टी लावायची आणि आरशासमोर उभं राहून, किंवा मित्राला हाताशी धरून, चिलखताच्या रेघा थेट अंगावर मार्करने काढायच्या. मग कात्रीने ते कवच अंगावरून काळजीपूर्वक कापून काढायचं आणि रेघांवरून तुकडे करायचे. तुकडे टेबलावर सपाट बसत नसतील तर जिथे फुगतात तिथे चिरा द्यायच्या. चीर उघडते आणि पाचरीसारखी जागा दिसते. हेच ब्लाउजचे टक्स. शिंपी कापडात ती पाचर दुमडून शिवतो, इथे ती कापून टाकतात आणि दोन कडा एकमेकींना चिकटवतात. शिवणकाम येणाऱ्याला फोमचं काम पटकन का जमतं, त्याचं कारण हे. यूट्यूबवर चार व्हिडिओ बघून थेट फोमला हात घालणारी मुलं इथेच अडतात, तेव्हा घरातल्या एखाद्या मावशीला विचारावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

कापायला कटर लागतो आणि ब्लेडची अख्खी डबी. फोम मऊ असला तरी ब्लेड भराभर बोथट करतो, आणि बोथट ब्लेड फोम कापत नाही, ओरबाडतं. कोपरा हवा असेल तर कड सरळ न कापता तिरकी कापायची, म्हणजे दोन तिरक्या कडा जुळून काटकोन होतो. मग हीट गन. गरम हवा फिरवली की फोमच्या वरच्या थरातली बारीक छिद्रं मिटतात आणि त्याला किंचित चकाकी येते. ती आली की थांबायचं. फोम गरम आहे तोवर गुडघ्यावर, नाहीतर एखाद्या पातेल्यावर दाबून धरायचा. गार झाला की तो आकार धरून बसतो.

चिकटवायला आपल्याकडे फेविबाँड किंवा एसआर ९९८. दोन्ही कडांना लावायचा आणि थांबायचं. बोट लावलं तर चिकट वाटला पाहिजे पण बोटाला यायला नको. मग कड कडेला टेकवायची. टेकली की टेकली, सरकवायची सोय नाही. या गोंदातल्या द्रावकाने डोकं चढतं, त्यामुळे खिडकी उघडी हवी आणि तोंडावर चांगला मास्क हवा. हे वाक्य लेखात शोभत नाही, पण वन आरके खोलीत खिडकी लावून काम करणारी मुलं असतात म्हणून लिहिलं.

रंग शेवटी. त्याआधी फोमला लवचीक लेप हवा, नाहीतर रंग त्यात मुरतो आणि वाकवलं की तडकतो. कुणी पातळ केलेल्या फेविकॉलचे थरावर थर देतात, कुणी रबरी स्प्रे मारतात. चंदेरी रंग वाळला की त्यावर पातळ काळा फासून लगेच पुसायचा. काळा खाचांत राहतो, उंचवटे उजळतात आणि चपलेचा फोम युद्धात वापरलेलं लोखंड दिसू लागतो. माझ्या मते सगळ्या कामातला आनंदाचा क्षण हाच. बाकी सगळी हमाली.

आता थ्रीडी प्रिंटर आला आणि जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. दुसऱ्याने संगणकावर केलेलं डिझाइन उतरवून घेतलं, यंत्राने शिरस्त्राण छापलं, मग ते हाताचं म्हणायचं का? प्रिंटरवाले म्हणतात, छापल्यावर थरांच्या रेघा घालवायला लांबी भरून, पॉलिश पेपर मारून बघा, मग बोला. त्यांचं खोटं नाही. तरी दोन शिरस्त्राणं शेजारी ठेवली, एक छापलेलं आणि एक फोमचं, कपाळावर जरासं तिरकं बसलेलं, तर माझी नजर तिरक्यावरच जाते.

शिरस्त्राणावरून कोर्टकज्जेही झालेत. ‘स्टार वॉर्स’मधल्या पांढऱ्या सैनिकांची पहिली शिरस्त्राणं १९७६ साली लंडनच्या ट्विकनहॅममध्ये अँड्र्यू एन्सवर्थ या कारागिराने तापवलेलं प्लास्टिक साच्यावर ओढून बनवली. पुढे त्याने तशीच करून विकायला सुरुवात केली, तेव्हा लुकासफिल्मने दावा लावला. जुलै २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे शिरस्त्राण म्हणजे ‘शिल्प’ नव्हे, चित्रपटासाठी केलेली कामाची वस्तू आहे, त्यामुळे शिल्पाला मिळतं तसं कॉपीराइटचं संरक्षण तिला नाही. याच सैनिकांचे वेष करणाऱ्या चाहत्यांची संघटना अमेरिकेत १९९७ मध्ये निघाली, ‘५०१ वी लीजन’. तिचा सभासद व्हायचं तर पोशाखाचे फोटो पाठवावे लागतात आणि पट्ट्याच्या खिशापर्यंत बारकावे तपासले जातात. चाहत्यांनी मनाने घेतलेला तो ५०१ आकडा पुढे २००५ च्या चित्रपटाच्या निमित्ताने ‘स्टार वॉर्स’च्या अधिकृत कथेतच गेला.

जपानात नागोयाला २००३ पासून जागतिक कॉस्प्ले मेळावा भरतो आणि २००५ पासून तिथे स्पर्धा होते. देशोदेशींच्या दोघादोघांच्या जोड्या येतात, पोशाख स्वतः केलेलाच लागतो आणि मंचावर छोटा प्रवेशही सादर करावा लागतो. पहिल्या स्पर्धेत इटली जिंकली. टोकियोच्या ‘कोमिकेत’ या जत्रेत मात्र घरून पोशाख घालून यायला मनाई आहे. तिथेच बदला, तिथेच उतरवा.

आपल्याकडे हे वारं कॉमिक कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यामुळे सुटलं. फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्ली हाटला पहिलं भरलं आणि लवकरच ते मुंबईत आलं. पण कॉस्प्लेचं वेड महानगरांतच आहे असं कुणाला वाटत असेल तर त्याने ईशान्येकडे बघावं. अ‍ॅनिमेचे (म्हणजे जपानी कार्टूनपटांचे) चाहते तिकडे फार, आणि कोहिमाचा कॉसफेस्ट त्या चाहत्यांनीच उभा केला.

मुंबईकराची अडचण वेगळीच असते. पंख अंगावर चढवून लोकलमध्ये शिरता येत नाही. म्हणून बेततानाच तो पोशाख किती तुकड्यांत सुटा होतो, ते तुकडे एकात एक बसून एका बॅगेत मावतात का आणि हॉलच्या कोपऱ्यात दहा मिनिटांत परत जोडता येतात का, याचा विचार करावा लागतो. वेलक्रो, इलॅस्टिक, बक्कल आणि चुंबकं यांवर इथे जितकं डोकं चालतं तितकं रंगावर चालत नसेल. फोममधून हवा जात नाही, घाम आतच राहतो. बसता येत नाही, बाथरूमला जायचं म्हटलं की अर्धं चिलखत उतरवावं लागतं. त्यामुळे प्रत्येक मोठ्या पोशाखाबरोबर साध्या कपड्यांतला एक मित्र फिरतो. त्याच्याकडे पाण्याची बाटली, स्ट्रॉ, छोटा पंखा, ग्लू गन आणि सेफ्टी पिना असतात. फोटोत तो कधीच येत नाही.

फोटोवरून आठवलं. न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४ मध्ये मोठे फलक लावले, त्यांचा आशय असा की कॉस्प्ले केला म्हणजे हात लावायची परवानगी दिली असं नाही. आधी विचारा, मग फोटो काढा. आपल्याकडच्या गर्दीतही हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. विशेषतः मुलींच्या बाबतीत, आणि सांगावं लागतं याची लाज वाटायला हवी.

राहता राहिली आपली पात्रं. मुंबईत जोकर आणि स्पायडरमॅन पावलोपावली भेटतात, कारण त्यांचे पोशाख तयार मिळतात आणि बाकीच्यांचे नमुने इंटरनेटवर सापडतात. शक्तिमान अधूनमधून दिसतो. फास्टर फेणे मला अजून भेटलेला नाही, खरं तर त्याला फोमही लागत नाही. हिंदी कॉमिक्समधल्या नागराजचं मात्र आव्हान आहे. अंगभर हिरवे खवले. एकेक खवला कापून चिकटवायला गेलात तर वाकता येणार नाही. त्याला सोपा तोडगा असा: ताणणारं फिकं हिरवं कापड अंगावर बेतून शिवा, पुठ्ठ्यावर ताणून बसवा, वर जाळीदार कापड घट्ट पिनांनी लावा आणि गडद हिरव्या रंगाचा स्प्रे हलक्या हाताने मारा. वाळल्यावर जाळी काढा. फक्त जाळी मोठ्या भोकांची घ्या. बारीक घेतली तर खवले लांबून दिसत नाहीत, नुसता हिरवा माणूस दिसतो आणि लोक हल्कबरोबर सेल्फी काढून जातात.