आपला बायोडाटा कोणी उघडला? कीर्द आणि खातेवहीची गाठ



पांढुर्णा-सौंसर भागातली आपली कितीतरी मुले-मुली आज नागपूर, पुणे, बंगळूरला नोकरी करतात. त्यामुळे वधू-वर सूची आता पुस्तिकेपेक्षा संकेतस्थळावर जास्त पाहिली जाते. त्याबरोबर पालकांचा एक रास्त प्रश्न येतो : आमच्या मुलीचा बायोडाटा आणि फोन नंबर नेमका कोणी पाहिला? याचे उत्तर कुठे असते आणि ते जपून कसे काढायचे, ते येथे सांगत आहोत.

उत्तराचे दोन तुकडे असतात. सभासदांची नावे, गावे, बायोडाटा हे सारे डेटाबेसमध्ये, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत असते. ही आपली खातेवही. कोणत्या सभासद क्रमांकाने, किती वाजता, कोणते पान उघडले, याची ओळ 'लॉग'मध्ये पडते. ही रोजची कीर्द. ती भराभर वाढते, म्हणून पुष्कळदा बाहेरच्या लॉग सेवेकडे ठेवतात. कीर्दीत क्रमांक आहे पण नाव नाही. खातेवहीत नाव आहे पण वेळ नाही.

सोपा वाटणारा मार्ग म्हणजे सगळा लॉग उतरवून घ्यायचा आणि एक्सेलमध्ये जुळवायचा. पण मग ती फाईल कोणाच्या तरी लॅपटॉपवर राहते, तिथून व्हॉट्सॲपवर जाते. एका मुलीची काळजी घ्यायला निघावे आणि सगळ्यांची माहिती उघड्यावर पडावी, असे होते.

दुसरा मार्ग आपल्या संत्रा बागायतदारांना लगेच समजेल. माल नागपूरच्या कळमना बाजारात गेला, की अडत्याची वही कोणी घरी आणत नाही. आपण फोन करून आपल्या मालापुरता हिशेब विचारतो आणि तेवढाच आपल्या वहीशी ताडून पाहतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हेच काम 'फॉरेन टेबल' करते. त्याला परका तक्ता म्हणू. तो दिसतो आपल्या तक्त्यासारखा, पण त्यातल्या ओळी बाहेरच असतात. प्रश्न विचारला की तेवढ्यापुरत्या येतात. ही सोय २०११ मध्ये पोस्टग्रेसच्या ९.१ आवृत्तीत आली. मधला दुभाषा असतो तो 'फॉरेन डेटा रॅपर'. सुपाबेसच्या रॅपर्स संचात लॉगफ्लेअर या लॉग सेवेसाठी असा दुभाषा आहे. तो फक्त वाचतो. लॉगमध्ये काही लिहू किंवा खोडू शकत नाही.

लॉगफ्लेअरमध्ये प्रश्न आधीच लिहून ठेवता येतो. त्याला 'एंडपॉइंट' म्हणतात. उदाहरणार्थ, 'या बायोडाट्याचे पान या दोन तारखांमध्ये कोणकोणत्या क्रमांकांनी उघडले?' आपण फक्त पान आणि तारखा भरायच्या. आलेले क्रमांक सभासद तक्त्याशी जोडले की नावे मिळतात. बाकीचा लॉग जागचा हलतही नाही.

मात्र चार गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली, चाळणी बाहेरच लागली पाहिजे. हा दुभाषा आपल्या प्रश्नातल्या अटी आपणहून सेवेकडे पाठवत नाही. एंडपॉइंटमध्येच तारखांची मर्यादा नसेल, तर सगळ्या ओळी इकडे येतात आणि मग गाळल्या जातात. अडत्याला वर्षभराची वही फोनवर वाचायला लावण्यासारखेच ते.

दुसरी, कुलूप. पोस्टग्रेसमध्ये 'ज्याने त्याने आपापल्याच ओळी पाहाव्यात' हा नियम परक्या तक्त्याला लावता येत नाही. म्हणून तो संकेतस्थळाला न दिसणाऱ्या वेगळ्या कप्प्यात ठेवावा, वाचण्याचा अधिकार एक-दोन जबाबदार व्यक्तींनाच द्यावा आणि सेवेची किल्ली उघड मजकुरात लिहू नये.

तिसरी, घड्याळ. लॉगमधली वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १५ तारखेच्या पहाटे ३ वाजता उघडलेले पान तिथे १४ तारखेच्या रात्री ९:३० चे दिसते. हा फरक न धरता कोणाला जाब विचारला, तर भलत्याच माणसावर बालंट येईल.

चौथी, मुदत. लॉग सेवा जुन्या नोंदी ठरलेल्या काळानंतर काढून टाकते. म्हणून शंका आली की लगेच कळवावे. पानाचे नाव आणि अंदाजे तारीख दिली, तर शोध नेमका होतो.

शेवटी एक मर्यादा. लॉग खाते सांगतो, माणूस नाही. एकच पासवर्ड घरातल्या चौघांकडे असेल, तर पान कोणी उघडले हे कोणताही डेटाबेस सांगू शकणार नाही. फोनवर काढलेला फोटो पुढे कुठे गेला, हेही लॉगला कळत नाही. म्हणून सर्व कुटुंबांना विनंती : आपला पासवर्ड आपल्यापुरताच ठेवा आणि दुसऱ्याच्या लेकीचा बायोडाटा आपल्या लेकीचाच समजून जपा.