एक पोऱ्या, चाळीस टेबले

संगणकाचे शास्त्र म्हटले की आपल्या घरांतून दोनच प्रकार दिसतात. वडीलधारी मंडळी लांबूनच हात जोडतात आणि तरुण मंडळी डोळे मिटून क्लासची फी भरतात. या दोहोंच्या मधून जाणारी एक वाट आहे. ती फुकट आहे, घरबसल्या चालता येते, आणि मराठी शिकवण्यात हयात घालवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरालाही ती झेपते, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. त्या वाटेचे नाव नोड-जेएस.

आपण ब्राउझरमध्ये एखादा पत्ता टाकतो तेव्हा दूरचा एक संगणक आपले मागणे ऐकतो आणि हवे ते पान धाडून देतो. या ऐकणाऱ्याला सर्व्हर म्हणतात. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत उभी केली, ती मुख्यतः ब्राउझरच्या पोटातल्या कामासाठी. २००८ मध्ये गूगलच्या क्रोम ब्राउझरबरोबर ती भाषा झपाट्याने चालवणारे व्ही-८ हे इंजिन आले. रायन डाल या तरुणाने २००९ मध्ये ते इंजिन ब्राउझरबाहेर काढून सर्व्हरच्या कामाला जुंपले. माजघरातली भाषा ओसरीवर येऊन पाहुण्यांशी बोलू लागली म्हणा ना!

त्याची खुबी समजायला उडप्याच्या हॉटेलात चला. प्रत्येक टेबलामागे एक पोऱ्या नेमला आणि डोसा होईपर्यंत तो भटारखान्याच्या दाराशी ताटकळत राहिला, तर गर्दीच्या वेळी पोऱ्यांचीच दाटी व्हायची. सर्व्हरची एक रुळलेली पद्धत बरीचशी अशीच होती. नोडच्या हॉटेलात पोऱ्या एकच. तो या टेबलाची ऑर्डर आत ओरडून सांगतो, लगेच दुसऱ्या टेबलाकडे वळतो, आणि आतून हाक आली की तयार बशी उचलून ज्याची त्याला देतो. चाळीस टेबले एकटा सांभाळतो, कारण तो कुठेही थांबत नाही. मात्र त्यालाच चटणी वाटायला बसवले तर चाळीसही टेबले खोळंबतात. म्हणून आकडेमोडीची अवजड कामे या मुख्य पोऱ्याच्या गळ्यात मारायची नसतात.

आता प्रत्यक्ष कृती. नोडच्या अधिकृत संकेतस्थळावर दोन प्रकारच्या आवृत्त्या असतात. त्यांतील ‘एलटीएस’, म्हणजे दीर्घकाळ डागडुजी होत राहणारी, ती उतरवून घ्यावी. मग संगणकाची टर्मिनल नावाची खिडकी उघडून ‘नोड’ हा शब्द रोमन लिपीत टाइप करावा आणि एंटर दाबावे. समोर येणाऱ्या खुणेपुढे दोन अधिक दोन लिहिले तर चार असे उत्तर येते. ओळख झाली!

पुढची पायरी खऱ्या सर्व्हरची. त्याच्या नमुन्याच्या ओळी त्याच संकेतस्थळावर आहेत, मोजून दहा-बारा. एचटीटीपी नावाचा, नोडबरोबरच आलेला भाग मागवायचा. कोणी दार ठोठावले तर काय उत्तर द्यायचे ते लिहायचे. आणि शेवटी ३००० क्रमांकाच्या दारावर कान देऊन बसायला सांगायचे. फाइलच्या नावाला ‘जेएस’ हे शेपूट जोडून ती नोडकडून चालवली आणि ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’, अपूर्णविराम, ३००० असा पत्ता टाकला की आपले वाक्य पडद्यावर! थांबवायचे असेल तेव्हा टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि सी ही बटणे एकदम दाबावीत.

ते वाक्य ‘शुभ दीपावली’ असावे, असा माझा आग्रह आहे, आणि त्यामागे सणाखेरीजही कारण आहे. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. उत्तराबरोबर ‘मजकूर यूटीएफ-८ आहे’ अशी चिठ्ठी जोडली नाही आणि ब्राउझरचा अंदाज चुकला, तर शुभेच्छेच्या जागी टिंबा-टोप्यांच्या रोमन अक्षरांचा खच पडतो.

इथेच माझा स्वार्थ सांगतो. माझे विद्यार्थी सुट्टीत गावी गेले की आजी-आजोबांच्या तोंडचे शब्द वहीत टिपून आणतात. त्यांतले कित्येक शब्द कोणत्याही कोशात मला सापडलेले नाहीत, आणि ते बोलणारी माणसे तर वर्षागणिक कमी होत आहेत. वह्या माझ्या कपाटात आहेत. तिथे त्या माझ्याखेरीज वाचते ती कसरच. हे शब्द कोणालाही घरबसल्या शोधता यावेत, एवढीच माझी इच्छा आहे.

पण शब्द लावायचे कोणत्या क्रमाने? संगणकाच्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारी बसतो, म्हणून ‘कळ’ आधी आणि ‘कस’ नंतर येतो. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ची जागा ‘ह’च्या पुढे. नोडला ‘क्रम मराठीप्रमाणे लाव’ असे बजावले की ‘कस’ आधी आणि ‘कळ’ नंतर, असे बिनतक्रार होते. मराठीसह सर्व भाषांची ही माहिती २०१९ पासून नोडमध्ये मुळातच भरलेली असते. ‘दिवाळी’ची लांबी विचारली तर मात्र तो सहा सांगतो, कारण काना-वेलांट्याही वेगळ्या मोजतो. दि-वा-ळी अशी तीन अक्षरे मोजून घेण्याची सोयही आहे. ती मागावी लागते इतकेच.

हे सारे फुकट का? नोडचा परवाना असा की कोणीही वापरावे, बदलावे, विकावेसुद्धा. मूळ हक्कनोंद तेवढी राखावी. पण सामाईक विहिरीवरही भांडणे होतात. एकाच कंपनीच्या हाती दोर आहेत, म्हणून काही कार्यकर्ते वेगळे झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी आयओ-जेएस ही निराळी चूल मांडली. त्याच वर्षी दोन्ही घरे पुन्हा एक झाली आणि कारभार एका प्रतिष्ठानाकडे गेला.

दुसरी गोष्ट मार्च २०१६ ची. इतरांनी लिहिलेले तयार तुकडे एनपीएम या भांडारातून मिळतात. वादामुळे एका लेखकाने आपले तुकडे काढून घेतले. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ हा अकरा ओळींचा तुकडाही होता, आणि त्याच्यावर विसंबलेली जगभरची कामे काही तास अडली. बोध उघड आहे : अकरा ओळी स्वतःला लिहिता येत असतील तर उसन्या आणू नयेत. आणायच्याच तर कोणाच्या आहेत ते पाहावे.

घरच्या संगणकावरचे हे पान घरापुरतेच दिसते. जगाला दाखवायचे तर जागा भाड्याने घ्यावी लागते, सुरक्षेचीही काळजी घ्यावी लागते. ते पुढचे. दिवाळीच्या सुट्टीत फराळ झाल्यावर घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला जवळ घेऊन बसा. दहा-बारा ओळी त्यांना लिहू द्या आणि दाराशी दाखवायचा मजकूर आजीला सांगू द्या. तिच्या तोंडचा एखादा जुना शब्द असला, तर फारच उत्तम.